झोपलेल्या टाक्या

३ मार्च

चि. ठकू,

आशीर्वाद आधी, कारण पुढचा मजकूर आशीर्वादाच्या जोडीने वाचण्यासारखा नाही. हे पत्र एकटी असताना वाच आणि ताईला, म्हणजे तुझ्या आईला, यातले काही कळवू नकोस. फोनवर बोललेले मागे जाऊन पुन्हा वाचता येत नाही, म्हणून लिहितो आहे. उत्तरही लेखीच दे.

काल तुझ्या बाबांच्या पाळीतली आणखी एक टाकी झोपली. 'झोपली' हा आमच्या चीजच्या कारखान्यातला शब्द. दुधात विरजण घातले, दूध घट्ट झाले, कापले, त्यातून निवळी, म्हणजे पिवळसर पाणी, सुटू लागली, आणि तरीही जो आंबटपणा चढायला हवा तो चढलाच नाही. अशा दुधाचे चीज होत नाही. ते सोडून द्यावे लागते. काल तो पांढरा लोंढा जमिनीवरच्या जाळीतून खाली जात असताना जाळीच्या एका बाजूला मी उभा होतो आणि दुसऱ्या बाजूला दाजी. आम्ही दोघेही जाळीकडेच बघत होतो.

या वर्षातली ही तिसरी. विरजणाची खोली इतकी वर्षे दाजींच्या ताब्यात आहे, आणि टाकी झोपणे म्हणजे काय हे तिथल्या निम्म्या लोकांनी त्यापूर्वी पाहिलेले नव्हते. प्रत्येक वेळी दाजींनी जुने विरजण फेकले, गोठवून ठेवलेल्या मूळ विरजणातून नवे तयार केले, आणि काही दिवसांनी तेच झाले. दुसऱ्या पाळीचे प्रमुख बाहेरून आलेले तयार विरजण पाकीट फोडून टाकतात, म्हणून त्यांना सगळे 'पाकीटवाले' म्हणतात. त्यांची एकही टाकी झोपलेली नाही. दूध तेच, टाक्या त्याच, माणूस तेवढा वेगळा.

व्यवस्थापकांनी चौकशी माझ्याकडे दिली आहे. नात्यामुळे मी बाजूला होऊ शकतो, असे त्यांनी सुचवले होते. मी नकार दिला. बाजूला होणे म्हणजे नात्यासमोर माझे माप वाकते हे कबूल करण्यासारखे झाले असते. उलट दाजींच्या बाबतीत मी इतरांपेक्षा एक तपासणी जास्तच करीन. निष्काळजीपणा सिद्ध झाला तर त्यांना जावे लागेल, आणि निवृत्तीला थोडाच अवधी राहिलेला असताना तो डाग घेऊन जावे लागेल.

दाजी म्हणतात, विरजणाला काहीतरी लागले आहे. आमच्या प्रयोगशाळेतली मुलगी विषाणूचे नाव घेते. तू त्याच विषाणूंवर काम करतेस. मला एवढेच सांग: ही वस्तुस्थिती आहे की सबब?

तुझा,
मामा

९ मार्च

ती. मामा,

नमस्कार. पत्र प्रयोगशाळेतच उघडले आणि तिथल्या स्टुलावर बसूनच दोनदा वाचले. रविवारीच मी बाबांशी बोलले. त्यांनी मला तिथल्या हवेबद्दल सांगितले, शेजाऱ्यांच्या कुत्र्याबद्दल सांगितले, आणि "कारखाना काय म्हणतो?" विचारल्यावर म्हणाले, "चाललंय." माझे बाबा विरजणाबद्दल एका शब्दात बोलून थांबले, आणि मला तेव्हा काही खटकले नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर: वस्तुस्थिती असू शकते. चीज करणाऱ्या प्रत्येक कारखान्याला या विषाणूची भीती असते. माणसाला तो काहीच करत नाही. तो फक्त दूध आंबवणारे जिवाणू मारतो, म्हणजे नेमके बाबांचे विरजण.

कसा, ते नीट सांगते, कारण तुम्हाला अर्धवट सांगितलेले चालत नाही. या विषाणूला डोळे नसतात, पाय नसतात. तो कुणाच्या मागावर नसतो. दुधात तरंगतो आणि समोर येईल त्यावर आदळतो. बहुतेक वेळा काहीच घडत नाही, आदळला आणि सुटला. पण त्याच्या शेपटीच्या टोकाशी प्रथिनांची बारीक बैठक असते, आणि जिवाणूच्या अंगावर साखरेच्या साखळ्यांचे पांघरूण असते. प्रत्येक वाणाच्या पांघरुणाची वीण वेगळी. ती वीण त्या टोकाशी जुळली की तो आधी नुसता अडकतो. इथपर्यंत तो सुटूही शकतो. मग एकेक टोक धरत जाते आणि सुटण्याचा प्रश्न संपतो. काही जातींना तर यासाठी दुधातले कॅल्शियम लागते. ते मिळेपर्यंत टोके मागे वळलेली असतात, मिळाले की पुढे फिरतात, कुणी हात पुढे करावेत तशी. मग तो आपला ऐवज, म्हणजे आपली जनुके, जिवाणूच्या आत सोडतो. तासाभरात जिवाणू फुटतो आणि त्यातून शंभरेक नवे विषाणू बाहेर पडतात.

आपण माणसे आधी ओळखतो आणि मग हात लावतो. यांचे उलटे आहे. हात लागल्याशिवाय त्यांना ओळखच पटत नाही.

मला लहान बाटल्यांमधून नमुने पाठवा: कच्चे दूध, निवळी, झोपलेल्या टाकीतले दूध, बाबांचे विरजण आणि पाकीटवाल्यांचे विरजण. आणि एका प्रश्नाचे उत्तर द्या. निवळीला स्पर्श झालेली कोणती वस्तू विरजणाच्या खोलीत जाते? निवळीत थोडे विषाणू असले तरी टाकीचे फारसे बिघडत नाही, तोवर तिचे काम होत आलेले असते. पण तिचा एक थेंब विरजणाच्या डब्यात गेला तर रात्रभरात तिथे काही उरत नाही.

बाबांना सांभाळा.

ठकू

१७ मार्च

चि. ठकू,

बाटल्या आज रवाना केल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी आहे, झाकणावर मेण आहे, आणि भरताना मी स्वतः हजर होतो.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर 'कोणतीही नाही' असे आहे आणि ते मी जबाबदारीने देतो आहे. निवळीच्या दालनातले गमबूट पिवळे आणि विरजणाच्या खोलीतले पांढरे. बादल्या, झारे, फडकी वेगळी. निवळीकडचा कामगार त्या खोलीच्या दाराशीसुद्धा जात नाही. दाजींची शिस्त या एका बाबतीत निर्दोष आहे, हे मी अहवालातही लिहिणार आहे. मात्र ते निर्दोष असेल तर दोष खोलीच्या आतच शोधावा लागतो, हे तुझ्याही लक्षात येईल.

नव्या वर्षापासून अचानक तपासणीचे काम माझ्याकडे आले आहे. पाकीटवाल्यांकडे मोजण्यासारखे काही नसते, पाकिटावरची तारीख वाचली की झाले. दाजींकडे मात्र मी आधी टाकीपाशी जाऊन निवळीचे तापमान घेतो आणि मग तसाच विरजणाच्या खोलीत जाऊन डब्यातले तापमान घेतो. मध्ये कुठे थांबत नाही, नाहीतर आत वर्दी पोचते. ज्याची तपासणी करायची त्याच्याच मापाने मोजायचे नाही, हा आमच्या हिशेबतपासणीच्या विद्येतला पहिला धडा. म्हणून कारखान्याचा थर्मामीटर मी हातात धरत नाही. तू पहिल्या पगारातून दिलेला थर्मामीटर कायम माझ्या वरच्या खिशात असतो. प्रत्येक मोजणीनंतर धुतलेल्या, इस्त्री केलेल्या रुमालाने पुसून मगच तो नळीत ठेवतो. तापमानात आजवर एकदाही चूक सापडलेली नाही, हे दाजींच्या बाजूने लिहिले आहे.

पण त्यांची वागणूक त्यांच्या बाजूने लिहिता येत नाही. परवा मी डब्याचे झाकण उघडले तेव्हा त्यांनी हातातला झारा खाली ठेवला आणि सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "ऑडिटर, तू आलास की माझं दूध झोपतं." लोक हसले. ताईच्या लग्नापासून ते मला या नावाने हाक मारतात आणि मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. परवा वाटले. स्वतःवरचा ठपका हसत हसत तपासणाऱ्यावर ढकलणारी माणसे मी खूप पाहिली आहेत. दाजी त्यांतले निघतील असे वाटले नव्हते.

ताईकडे हल्ली जात नाही. चौकशी चालू असताना तिच्या हातचा चहा घेणे बरोबर दिसणार नाही.

तुझा,
मामा

२६ मार्च

ती. मामा,

नमुने सुखरूप मिळाले. तुमच्या मेणावर आमच्या इथल्या दोघांनी चाकू बोथट केले.

विषाणू आहे. सबब नाही, मामा, विषाणू आहे. जेलीच्या ताटलीत बाबांचे जिवाणू पसरले की रात्रीतून त्यांचा सायीसारखा पातळ थर धरतो. त्यावर तुमच्या निवळीचा थेंब ठेवला, आणि सकाळी साय जिथे थेंब पडला होता तिथे गोल विरलेली होती, खालची जेली आरपार दिसत होती. झोपलेल्या टाकीतल्या दुधाने तेच केले. बाबांच्या डब्यातल्या विरजणाने तर सगळी ताटली साफ केली. पाकीटवाल्यांच्या जिवाणूंवर तोच थेंब ठेवला तर काहीही झाले नाही. त्यांच्या पांघरुणाची वीण वेगळी आहे. विषाणू त्यांच्यावर दिवसभर आदळला तरी त्याला धरायला काही सापडत नाही. म्हणून त्यांच्या टाक्या जाग्या आहेत. यात त्यांची हुशारी नाही आणि बाबांची चूक नाही.

तो डब्यात कसा पोचला, हा प्रश्न उरतो. त्याबद्दल मी आत्ता काही लिहीत नाही, कारण तुम्हीच मला शिकवले आहे की मोजल्याशिवाय लिहायचे नाही.

दोन विनंत्या आहेत. मी दिलेला थर्मामीटर त्याच्या नळीसकट, न धुता, न पुसता, कोऱ्या पिशवीत घालून मला पाठवा. तो किती अचूक आहे ते एकदा बघायचे आहे. आणि माझे पुढचे पत्र येईपर्यंत विरजणाच्या खोलीत जाऊ नका, कुठलाही अहवाल देऊ नका. कृपा करून, मामा.

ठकू

२८ मार्च

चि. ठकू,

तुझे उत्तर अजून आलेले नाही आणि मला थांबता आले नाही.

गुरुवारी चौथी टाकी झोपली. मी या वेळी काहीही दुसऱ्यावर सोडले नव्हते. आदल्या दिवशी दोनदा तपासणी केली, दोन्ही वेळा स्वतः डबा उघडला, स्वतः तापमान घेतले, झाकण स्वतः लावले. इतकी काटेकोर तपासणी त्या खोलीने आजवर पाहिली नसेल. आणि तरीही झोपली. तेव्हा परिस्थितीत, साधनात, पद्धतीत दोष नाही हे मी स्वतःच सिद्ध केल्यासारखे झाले. उरला माणूस. अहवालात मी तेवढेच लिहिले, एकही विशेषण वापरले नाही.

अहवाल व्यवस्थापकांच्या टेबलावर गेला त्याच दुपारी दाजी माझ्या खोलीत आले. वाद घालतील म्हणून मी तयार होतो. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या कागदांवर ठेवला, खुर्चीवर न बसता राजीनामा लिहिला आणि लिहून झाल्यावर पेन टोपण लावून परत दिले. जाताना दारात थांबून स्वतःचे दोन्ही तळवे बघितले. म्हणाले, "तुझं बरोबर असेल. माझा हातच गेला असावा."

ठकू, मला धक्का बसला तो या वाक्याचा. अपराधी माणूस असे बोलत नाही, आणि निरपराध माणूसही असे बोलत नाही. कामगारांकडून कळले की गेले काही आठवडे ते घरीसुद्धा दुधाला हात लावत नाहीत. विरजण ताईला लावायला सांगतात आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसतात.

मी माझे कर्तव्य केले. ताईने माझा फोन घेतला नाही.

मामा

२ एप्रिल

चि. ठकू,

तुझे २६ तारखेचे पत्र माझा अहवाल गेल्यानंतर पोचले. त्याला माझा इलाज नाही.

थर्मामीटर सोबत पाठवला आहे, सांगितल्याप्रमाणे न धुता. त्याच्या अचूकतेबद्दल तुला शंका यावी याचे वाईट वाटले. मागल्या वर्षीच तो प्रमाणित करून घेतला होता, त्याचे प्रमाणपत्रही जोडले आहे. आकड्यात चूक निघाली तर मला कळव, मी अहवालात दुरुस्ती करीन.

विषाणूबद्दल तू लिहिलेस ते मी व्यवस्थापकांना दाखवले. ते म्हणाले, विषाणू आला तरी त्याला आत घेणारा कोणीतरी असतोच. मला त्याचे खंडन करता आले नाही. शिवाय एक गोष्ट तुला कळवणे माझे काम आहे. दाजी गेल्यापासून त्यांची खोली पाकीटवाले बघतात. गिऱ्हाइकांना जुन्या चीजचीच चव हवी असते, म्हणून तेही दाजींचेच गोठवलेले मूळ विरजण वापरत आहेत. डबा तोच, खोली तीच, वाण तोच. माझी चौकशी संपली असल्याने तिथे कुणी तपासणीलाही जात नाही. आणि एकही टाकी झोपलेली नाही.

माणूस बदलला आणि दूध जागे झाले. यातून निघणारा निष्कर्ष मला आवडत नाही, पण तो माझ्या आवडीवर अवलंबून नाही.

मामा

११ एप्रिल

मामा,

बसून वाचा. दार लावून घ्या.

थर्मामीटरचा आकडा अचूक आहे, अगदी बिनचूक. तुमच्या रुमालाने काचही स्वच्छ पुसली आहे. पण काच नळीत ठेवताना तिच्या टोकाला राहिलेला ओलावा तळाशी उतरतो. नळीच्या तळाला आतून एक पिवळसर कड आहे, वाळलेल्या निवळीची. बाहेरून दिसत नाही. मी ती खरवडून पाण्यात कालवली आणि बाबांच्या जिवाणूंच्या ताटलीवर तिचा थेंब ठेवला. सकाळी ताटली आरपार दिसत होती. पाकीटवाल्यांच्या ताटलीवर काहीही झाले नाही. माझा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा केले. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला काय आहे ते न सांगता करायला लावले. तेच आले.

पिवळे गमबूट त्या दारातून आत गेले नाहीत, बादल्या गेल्या नाहीत, फडकी गेली नाहीत. तुम्ही गेलात. टाकीपाशी निवळीत बुडवलेला थर्मामीटर घेऊन, मध्ये न थांबता, थेट डब्यापर्यंत. मी कोणती वस्तू जाते ते विचारले आणि तुम्ही सगळ्या वस्तू प्रामाणिकपणे सांगितल्या. तपासणारा स्वतःला वस्तूंमध्ये धरत नाही.

पाकीटवाल्यांच्या हातात तेच विरजण जागे राहिले, कारण तुमचे जाणे थांबले होते आणि थर्मामीटर तुमच्या खिशातच राहिला होता. बाबांवर संशय आला म्हणून तुम्ही जास्त वेळा गेलात, जास्त वेळा गेलात म्हणून टाक्या झोपल्या, आणि टाक्या झोपल्या म्हणून संशय वाढला. आदल्या दिवशी दोनदा तपासलेली टाकी झोपणारच होती.

बाबा म्हणाले होते, तू आलास की माझं दूध झोपतं. ते चिडून बोलले. त्यांनाही माहीत नव्हते की ते खरे बोलत आहेत. तुमच्या १७ तारखेच्या पत्रात हे वाक्य आणि थर्मामीटर पाठोपाठ आले होते. मला तेव्हाच शंका आली. मी ती लिहिली नाही, अचूकतेचे निमित्त सांगितले. मोजल्याशिवाय माझ्या मामावर एवढे मोठे काही ठेवायची माझी हिंमत झाली नाही. तेवढ्यात बाबांनी किल्ल्या ठेवल्या.

आणि तो थर्मामीटर मी दिला होता, मामा. दुकानात तासभर उभी राहून निवडला होता. नळी घट्ट बसते ना, हे तीनतीनदा बघून घेतले होते.

बाबांना मी काहीही सांगितलेले नाही. ते तुम्ही सांगायचे आहे.

ठकू

१६ एप्रिल

चि. ठकू,

पत्र मिळाले. ते वाचून झाल्यावर मी ते पुन्हा पाकिटात घातले, पाकीट टेबलाच्या कडेला समांतर ठेवले. लिपिक सह्यांसाठी आत आला. मी सह्या केल्या. कशावर केल्या ते आज तपासावे लागले.

तुझ्यावर अविश्वास नाही, पण दुसऱ्याच्या मापावर मी आयुष्यात निष्कर्ष काढलेला नाही. म्हणून चारही टाक्यांच्या आधी मी त्या खोलीत केव्हा गेलो होतो ते आठवून ताडून पाहिले. ज्या आठवड्यात मी आजारी होतो त्या आठवड्यात काही झोपले नव्हते. मी बरा होऊन कामावर आलो आणि झोपले. आणखी लिहीत नाही.

व्यवस्थापकांनी सगळे ऐकून घेतले, पाणी प्यायले आणि एक सोयीचा मार्ग सुचवला. विषाणू कच्च्या दुधातून आला असे लिहायचे, कुणाचेच नाव घ्यायचे नाही, दाजींना सन्मानाने परत बोलवायचे. ते चांगल्या मनाने बोलत होते. मी म्हटले, पहिल्या अहवालात माणसाचे नाव होते, तर दुसऱ्यातही असले पाहिजे. मी माझे नाव लिहिले, हुद्दा लिहिला, विशेषण याही वेळी वापरले नाही. त्याची प्रत विरजणाच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर लावली आहे. कामगार ती वाचतात आणि मी आलो की पांगतात.

मग ताईकडे गेलो. दार तिने उघडले. माझ्याकडे बघितले, मग माझ्या खिशाकडे बघितले आणि म्हणाली, "आधी हात धू." तिला काहीच ठाऊक नव्हते, लहानपणापासून ती मला हेच सांगत आली आहे. तरी मोरीत उभा राहून हात धुताना मला नळ बंद करता येईना.

दाजी खिडकीशी बसले होते. उभ्यानेच मी त्यांना सगळे सांगितले. निवळी, खिसा, नळी, कड, तुझी ताटली. काहीही मागेपुढे केले नाही, क्षमाही शेवटी मागितली, आधी नाही, म्हणजे ती सबबीसारखी वाटू नये. ते रागावतील, निदान मला घालवून देतील, अशी माझी अपेक्षा होती. ते ऐकत राहिले. ताई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती. माझे संपल्यावर दाजींनी पुन्हा तळवे बघितले, त्या दिवशी दारात बघितले होते तसेच. आणि विचारले, "म्हणजे माझा हात गेला नव्हता?"

मी नाही म्हटले. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. मी पुन्हा नाही म्हटले.

ठकू, त्यांची नोकरी गेल्याचा हिशेब मी मनात मांडून गेलो होतो. हा त्यात नव्हता. माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास मी काढून घेतला होता आणि तो गेल्याचे मला कळलेसुद्धा नव्हते. ते आत गेले. भांड्याचा आवाज आला. ताई हळूच म्हणाली, "दूध तापवतायत." मी तिथून निघालो.

कामावर परत येणार का, हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

मामा

२३ एप्रिल

ती. मामा,

काल बाबांचा फोन आला. त्यांनी स्वतः केलेला. हवा नाही, कुत्रा नाही, थेट विचारले, "तो चिकटतो म्हणजे नेमका कुठं चिकटतो गं?" मी पांघरुणाचे, विणीचे, कॅल्शियमचे सगळे सांगितले. ते मध्ये मध्ये 'हं' म्हणत होते. मग त्यांनी विचारले की झोपलेल्या टाकीत सगळेच जिवाणू मरतात का. मी म्हटले, नाही. लाखांत एखादा असा निघतो की त्याची वीण जन्मतःच थोडी वेगळी असते आणि विषाणूला तो धरता येत नाही. तसे काही तुम्ही पाठवलेल्या बाटलीतून माझ्याकडे वाढलेही आहेत. आहेत बाबांचेच, फक्त पांघरूण बदललेले.

मग म्हणाले, "पाठव." आणि मग म्हणाले, "त्याचा थर्मामीटरही पाठव."

मी विचारले, मामांना परत द्यायला का? ते म्हणाले, "मला."

दोन्ही पाठवते आहे. थर्मामीटर मी निर्जंतुक केला आहे, नळी फेकून दिली. मला तो पाठवताना बरे वाटत नाही, पण त्यांनी मागितला आहे. त्यांच्या मनात काय आहे मला कळले नाही. तुम्हाला कळले तर लिहा.

ठकू

९ मे

चि. ठकू,

दाजी सोमवारपासून कामावर आहेत. तू पाठवलेल्या वाचलेल्या जिवाणूंतून त्यांनी विरजण धरले आहे. पहिली टाकी भरली तेव्हा कुणी जेवायला गेले नाही. पाकीटवालेसुद्धा त्यांची पाळी संपली तरी टाकीशी हात मागे बांधून उभे होते. आंबटपणा चढला. ओरडले कुणी नाही. दाजींनी बोट बुडवून चाखले आणि मान हलवली, बस एवढेच. चव जुन्यासारखी आहे का हे चीज मुरल्यावर कळेल. ते म्हणतात, थोडी वेगळी लागेल आणि तशीच लागायला हवी.

येताना त्यांनी एकच अट घातली होती. निवळीच्या दालनात गेलेला कोणीही माणूस त्या दिवशी विरजणाच्या खोलीत येणार नाही. अट लेखी हवी होती. मसुदा मीच केला आणि त्यात 'तपासणी अधिकारी धरून' हे शब्द घातले. ते त्यांनी सांगितले नव्हते.

थर्मामीटर खोलीत, डब्याशेजारी खिळ्याला टांगलेला आहे. तो बाहेर येत नाही आणि मी आत जात नाही. तपासणीच्या वेळी मी बाहेरच्या मार्गिकेत, खोलीच्या काचेपाशी उभा राहतो. दाजी आतून तो डब्यात बुडवतात, पुसतात, काचेला टेकवतात, मी बाहेरून आकडा वाचतो आणि लिहून घेतो. त्यांनी तो का मागवला ते मला या आठवड्यात कळले. मला तपासणी करता यावी म्हणून.

आमच्यात अजून बोलणे नाही. मधे काच आहे, आणि काच नसती तरी काय बोलावे ते मला सुचत नाही. माझा हात अजूनही दिवसातून कितीदा तरी वरच्या खिशाकडे जातो. खिसा रिकामा असतो आणि दर वेळी मी नव्याने दचकतो.

आज सकाळी त्यांनी थर्मामीटर काचेला टेकवला तो उलटा. मला वाटले चुकून धरला असेल, म्हणून मी खूण केली. त्यांनी बघितले आणि तो तसाच धरून ठेवला. चेहरा गंभीर होता. मागे कामगार डोकावत होते. मी पुन्हा खूण केली. तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. काचेतून आवाज येत नाही, पण ओठांवरून वाचता आले. ते म्हणत होते, "वाच, ऑडिटर."

मी मान वाकडी करून आकडा वाचला. बरोबर होता.

तुझा,
मामा